लागलेलं कलम

दर श्रावणात आमच्या नर्सरीत कॉलेजची मुलं कलमं बांधायला शिकायला येतात, आणि दर श्रावणात मी त्यांना तेच सांगतो. आंब्याची काडी कापायच्या आधी आठ-दहा दिवस, झाडावर असतानाच तिची पानं छाटून घ्या. देठ तेवढे ठेवा. देठ आपोआप गळतात, शेंड्याचा डोळा फुगतो, आणि मग कापलेली काडी कलमाला लागते. पानं न छाटता तशीच कापून आणलीत तर कितीही सुबक बांधा, बहुतेक मरणारच. एवढं सांगेपर्यंत माझा आवाज बसतो. मुलांना वाटतं सरांचा घसा खराब आहे. सरांचा घसा ठणठणीत आहे. सरांना बावतीस आठवतो.

बावतीस जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या नर्सरीत तो कलमं बांधायचा. वयाने माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा, पण त्याला 'अहो बावतीस' म्हटलं की तो मागे वळून बघायचा, हा कोणाला हाक मारतोय म्हणून. मग मीही अरे-तुरे करायला लागलो. मला तो 'पात्रांव' म्हणायचा, म्हणजे मालक. मी मालक नव्हतो, साधा सुपरवायझर होतो, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. हा सगळा त्याचा चावटपणा.

पहिल्या दिवशी मी बी.एस्सी. अ‍ॅग्रीचा ताजा शिक्का घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. तो खाली गोणपाटावर बसला होता, समोर कोयींच्या तांबूस रोपांचा ढीग, दातात प्लास्टिकची पट्टी.

"काय रे पात्रांव, परीक्षेत किती मार्क पडले?"

"डिस्टिंक्शन आहे," मी म्हणालो.

"बरां झालां. आता ता डिस्टिंक्शन ह्या झाडाक सांग. बघूया आयकता काय."

मी मोठ्या तोऱ्यात दहा कलमं बांधली. त्याने एक उचललं, पट्टी सोडली, माझा काप बोटाने उघडून माझ्या नाकासमोर धरला. काडीची साल एकीकडे, रोपाची साल दुसरीकडे. "ह्यांची ओळख तरी करून दिलंस काय? नुसतां एका खाटेर निजवलंस," असं म्हणून तो इतका हसला की बाजूला काम करणाऱ्या बायकांनीही हात थांबवले. माझे कान लाल झाले. त्या दिवसापासून सहा महिने मी त्याच्या शेजारी गोणपाटावर बसलो. जे काही मला येतं ते तिथलं आहे, कॉलेजातलं नाही.

त्याचा चाकू कोणी हातात घ्यायचा नाही. दगडावर थुंकी टाकून तो रोज सकाळी पाजळायचा आणि धार मनगटावरच्या केसांवर बघायचा. त्यामुळे त्याचं डावं मनगट कायम तुळतुळीत. बांधताना पुटपुटायचा, "घट्ट बांध, पण गळो आवळू नको." हे तो मला सांगायचा की काडीला, कळायचं नाही. आणि त्याची कलमं लागायची. आमची मरायची, त्याची लागायची. पावसात, वाऱ्यात, सर्दीने नाक गळत असताना बांधलेलीसुद्धा लागायची. मालक तर त्याच्या रांगेवर वेगळी काठी रोवून ठेवायचे आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्यातलंच कलम द्यायचे.

गिऱ्हाइकांशी मात्र त्याला बोलू द्यायची सोय नव्हती. एकदा पुण्याहून एक साहेब आले, गॉगल डोक्यावर चढवून. त्यांना असं कलम हवं होतं जे पुढच्या मे महिन्यातच आंबे देईल. बावतीसने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मगे बाजारातसून पेटी घेवन जावा. झाड कित्याक व्हया तुमका?" साहेब गाडीत बसून गेले. मालक चिडले. बावतीस म्हणाला, झाड लावणाऱ्याला पाच वर्षं थांबता येत नसेल तर झाड मरतं, मग नाव आमचं खराब होतं. मालक पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळले, कारण ते खरं होतं.

रविवारी नर्सरीला सुट्टी. बावतीस सकाळची सहाची मीस ऐकायचा, आणि चर्चमधून निघाला की त्याच इस्त्रीच्या शर्टात, पँट दोनदा दुमडून, थेट निशाणाच्या डोंगराच्या वाटेला लागायचा. आमच्या गावामागचा हा सगळ्यात उंच डोंगर. माथ्यावर कधीकाळी कोणीतरी निशाणाची काठी रोवली होती म्हणून हे नाव. हातात कापडी पिशवी, तीत पाण्याची बाटली, दोन पाव, दोन उकडलेली अंडी आणि कोयता. पाऊस असो, ऊन असो, रविवार चुकला नाही. साठी उलटलेला माणूस दर सुट्टीला डोंगर का चढतो, हे मी पहिल्यांदा बायकांना विचारलं तेव्हा त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग त्यातल्या एकीने मान खाली घालून सांगितलं.

त्याला एकच मुलगा होता, आग्नेल. गोव्यात हॉटेलात कुक होता, बापाला 'पाय' म्हणायचा. बापलेकांना जुने रायवळ आंबे हुडकायचा नाद, म्हणजे कोणी न लावलेली, आपोआप उगवलेली रानची झाडं. आग्नेल सुट्टीला घरी आला की दोघं रविवारी डोंगर धुंडाळायचे. माथ्याच्या थोडं खाली, कड्याच्या बाजूला, त्यांना असं एक झाड सापडलं. फळ लहान, पण रस असा की आग्नेल म्हणाला, ह्याचं कलम करून दारात लावायचं. त्या मे महिन्यात तो बापाला पिकलेले आंबे काढून द्यायला शेंड्यापर्यंत चढला. वर लाल मुंग्यांचं घरटं होतं. मुंग्या डोळ्यांत गेल्या, हात सुटला. बावतीसने त्याला पाठीवर घेतलं आणि एकट्याने दीड तास डोंगर उतरला. खाली पोचला तेव्हा मुलगा गेलेला होता. मी नर्सरीत लागलो त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट.

त्यानंतर मला त्याच्याकडे बघून हसणं जड जाऊ लागलं. त्याला मात्र काही फरक पडला नाही. माझी तशीच खेचायचा.

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या नाताळात त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, मारीबायने, मला नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी दिली आणि तो बाहेर गेल्याचं बघून माझ्या समोर बसली. घरात आग्नेलचा एकही फोटो नव्हता. ती म्हणाली, "डाक्टरान सांगल्यान, ह्येचां काळीज कमजोर झालां. जिनो सुदां चढाचो नाय. आणि हो दर आयतवारी डोंगर चढता. एक झिल थंय गेलो. आता घोव पण थंयच जावक व्हयो?"

"तू त्येका सांग ना," मी म्हणालो.

"सांगलंय. भांडलंय. मगे त्येना क्रुसार हात ठेवन माका शब्द दिल्यान. त्या झाडाचां एक कलम लागांदे, ता दारात लावया, मगे मी कधी वर जावचंय नाय म्हणान. दर श्रावणात काडयो हाडता, बांधता. एकय लागणा नाय."

मी विचारलं, ज्या झाडाने मुलगा नेला ते झाड तुला दारात चालेल? ती म्हणाली, "झाडाचो काय दोष रे? आणि ता दारात आसला तर हो तरी दारात रवतलो." मग तिने माझा हात धरला. "तू शिकलेलो आसंस. कायतरी कर. एक लागू दे."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? बावीस-तेवीस वर्षांचा होतो. एका बाईने नवरा वाचव म्हणून हात धरला होता. मी ठरवूनच टाकलं.

पुढच्या श्रावणात मी त्याला म्हटलं, मलाही वर ने. त्याने कुरकुर केली, मग नेलं. शेतांच्या बांधांवरून, काजूच्या बागेतून, पुढे काळ्या कातळावरून आणि मग सरळ चढणीला. खिंडीत राखणदाराचा दगड आहे. तिथे बावतीस थांबला, छातीवर क्रूस काढला आणि दगडापुढे एक विडी ठेवली.

"हे काय रे बावतीस? आत्ताच तर मीस ऐकून आलास."

"देव माझो," तो म्हणाला, "पण डोंगर ह्येचो. इचारल्याबिगर कसो जावचो?"

चढताना तो दहा पावलांवर थांबत होता. छाती वरखाली व्हायची. मी हात पुढे केला की "आवशीक खाव तुझ्या, माका म्हातारो समाजलंस?" म्हणायचा आणि पुढे निघायचा. माथ्यावर पोचलो तेव्हा ढग फाटले होते. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला लांब वेंगुर्ल्याकडे समुद्राची रेघ. तिथून थोडं खाली, झाडापाशी उतरून त्याने एक पाव मोडला, तीन तुकडे केले, एक मला दिला, एक स्वतः घेतला, आणि तिसरा झाडाखालच्या दगडावर ठेवला. मला वाटलं कावळ्याला. मी मूर्ख होतो.

मग तो उठला, हाताला आल्या त्या चार-पाच फांद्या कापल्या, पानं खाली ओरबाडली आणि काड्या शर्टाच्या खिशात खोचल्या. ओलं फडकं नाही, शेवाळ नाही. मी चाटच पडलो. झाडाकडे बघितलं. एकाही फांदीची पानं आधी छाटलेली नव्हती. जो माणूस मला पहिल्याच आठवड्यात पानं छाटायचं विसरलो म्हणून दुपारभर ओरडला होता, तो माणूस काड्या अशा तशाच नेत होता, आणि उतरेपर्यंत त्या उन्हात सुकत होत्या. सोमवारी त्याने बांधल्या. पंधरा दिवसांत सगळ्या काळ्या पडल्या. मला वाटलं, दुःखाने माणसाचं भान जातं. त्या झाडापाशी त्याचे हात चालत नाहीत. आपण त्याचं काम करावं.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तसा मी एका गुरुवारी रजा टाकली, कोणाला न सांगता एकटा वर गेलो आणि झाडाच्या खालच्या दहा-बारा फांद्यांची पानं नीट छाटून आलो. देठ ठेवले, जसं त्याने शिकवलं होतं तसं. दहा दिवसांनी रविवारी त्याच्याबरोबर पुन्हा गेलो, पिशवीत ओलं गोणपाट आणि शेवाळ घेऊन. तो झाडापाशी आला आणि थांबला. फांद्यांचे देठ गळून गेले होते, डोळे टपोरे फुगले होते. त्याने एक शेंडा दोन बोटांत धरला आणि बराच वेळ धरून राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होतो, मनातल्या मनात खूश. त्याने कोयता काढला. काड्या कापल्या. मी त्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या.

सोमवारी त्याने पाच कलमं बांधली. मी शेजारीच बसून होतो. त्याचे हात नेहमीसारखे चालत होते. तीन आठवड्यांनी चार मेली होती आणि पाचव्याच्या शेंड्यावर तांब्याच्या रंगाची पालवी होती.

आणि मी काय केलं? मी धावत मारीबायकडे गेलो. त्याला सांगायच्या आधी तिला सांगितलं. सगळ्या प्रकरणात माझी ही चूक मला सगळ्यात जास्त खाते. ती चुलीपुढून उठली, माझ्या हाताचा मुका घेतला, रडली, देवापुढे मेणबत्ती लावली. बावतीस संध्याकाळी घरी पोचला तेव्हा मेणबत्ती जळत होती. मग त्याला काही म्हणायला जागाच उरली नाही.

पालवी जून झाली तसं त्याने ते कलम दारात लावलं, भोवती कामट्यांचं कुंपण घातलं. आणि डोंगर बंद केला. क्रुसावर हात ठेवला होता.

त्यानंतरच्या एका रविवारी मी नर्सरीतल्या खोलीबाहेर कपडे वाळत घालत होतो. बघतो तर बावतीस गोणपाटावर बसलेला. समोर काही नाही. इस्त्रीचा शर्ट, पँट न दुमडलेली.

"आज सुट्टी आसा, बावतीस."

"म्हायत आसा. म्हणानच इलंय. आयतवारी खंय जाव मी?"

मी त्याच्याजवळ बसलो. बोलून गेलो, "मला वाटलं होतं तू खूश होशील."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पात्रांव, चार वर्सां त्या झाडाची कलमां मरत होती. मी बांधलेली. माझी. तुका कधी वाटला नाय, कित्या मरतत?"

मला त्या झाडाच्या न छाटलेल्या फांद्या आठवल्या.

तो सावकाश बोलला. घरात आग्नेलचं नाव काढलं की मारी उठून बाहेर जाते. तिला सोसत नाही, तिची चूक नाही. गावात कोणी नाव काढलं तर लगेच 'देवाची इच्छा' म्हणून विषय बंद. वर झाडाखाली बसलं की मोठ्याने बोलता येतं. आठवडाभराचं सगळं सांगता येतं, नर्सरीतलं, घरातलं, "तुझासुदां सांगी, हो पात्रांव कसो ढ आसा ता." त्या दिवशी उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत आग्नेल पाठीवरून त्याच्याशी बोलत होता. त्या वाटेने चाललं की ते त्याला पुन्हा ऐकू यायचं. शब्द तर मारीला दिला होता, आणि क्रुसाचा शब्द मोडायचा नव्हता. मग राहिलं काय? कलम लागू द्यायचं नाही. एवढंच त्याच्या हातात होतं.

"मग त्या दिवशी फुगलेल्या काड्या दिसल्यावर कापल्यास कशाला?" मी जवळजवळ ओरडलो. "बांधल्यास कशाला नीट?"

"डोळो इतको बरो फुगलेलो," तो म्हणाला. "तसल्या काडयेक वाईट बांधूक माझो हात येणा नाय रे."

मी म्हटलं, मी आत्ता जातो आणि ते उपटून टाकतो. मारीबायला सांगू गुरांनी खाल्लं. त्यावर तो उठूनच उभा राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला खरा रागावलेला तेवढाच पाहिला. "मेल्या! लागलेलां कलम उपटतंस? ह्यां शिकवलंय तुका मी?" मग तो पुन्हा खाली बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझो दोष नाय. तू शिकलंस तसां केलंस." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोंगर बंद झाल्यावर त्याचं काळीज सुधारायला हवं होतं. डॉक्टरांच्या हिशेबाने तसंच व्हायला हवं होतं. पण तो उतरत गेला. कलमं बांधायचा, त्याची कलमं लागायची, पण माझी चेष्टा करणं थांबलं. बायका म्हणायच्या, बावतीस शहाणा झाला. मला त्याचा तो शहाणपणा बघवत नव्हता. रविवारी मात्र तो दारातच असायचा, त्या कलमाशेजारी स्टूल टाकून. मारीबायने हात धरून मागितलं होतं ते तिला मिळालं होतं.

शेवटचा मी त्याला पाहिला तो अशाच एका रविवारी सकाळी. त्यानंतरच्या गुरुवारी तो दुपारचा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. त्या रविवारी कलमाच्या पानांना कीड लागली होती म्हणून मी फवारणीचं औषध घेऊन गेलो होतो. फाटकातून आत गेलो तर तो माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसला होता आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगत होता. समोर कोणी नव्हतं, कमरेएवढं कलम होतं. मी तिथेच थांबलो. तेवढ्यात मारीबाय चहाचा कप घेऊन दारात आली, आणि तो चटकन गप्प झाला.

"थांबलंस कित्या?" ती म्हणाली.

तो कलमाचं एक किडलेलं पान खुडू लागला.

"माका आतसून आयकाक येता. दर आयतवारी आयकतंय." तिने कप पायरीवर ठेवला आणि स्वतःही पायरीवर बसली. तिचे हात मांडीत एकमेकांत घट्ट धरलेले होते. "आग्नेलाक तू पाटीर घेवन उतरलंस. मी तुका कधी इचारूक नाय. माका धीर जावक नाय. आज सांग. तो बोललो काय?"

बावतीसने मान हलवली. "बोललो. अर्ध्या वाटेर."

"काय म्हणालो?"

"'पाय, मी तुका जड लागतंय काय,' म्हणान इचारल्यान."

मारीबायने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "मगे तू काय सांगलंस?"

"नाय म्हटलंय," बावतीस म्हणाला. "खूप जड होतो गो मारी. पण मी नाय म्हटलंय."

मी औषधाची बाटली फाटकापाशी ठेवली आणि पाय न वाजवता मागे फिरलो. रस्त्यावर येऊन एकदाच वळून बघितलं. मारीबाय पायरीवरून उठून त्याच्यामागे उभी होती, आणि त्याच्या पाठीवरून, खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश हात फिरवत होती.